तिने त्यालाच पुन्हा जन्म दिला

[पडद्यावर: उत्तर समुद्राचा किनारा. ओहोटीची वेळ. फक्त वाऱ्याचा आवाज.]

एक बाई आपल्या मेलेल्या प्रियकराला नऊ महिने पोटात वाढवते आणि जन्म देते. त्याला न्हाऊ-माखू घालते, त्याच्याशी वाळूत खेळते. तो मोठा होतो. तेच डोळे, तेच हसू, तेच लांबसडक हात. फक्त आता तो तिला आई म्हणतो.

'वूम्ब' हा चित्रपट 2010 साली आला. दिग्दर्शक बेनेडेक फ्लीगाउफ हंगेरीचे. रिबेकाच्या भूमिकेत एव्हा ग्रीन आणि टॉमीच्या भूमिकेत मॅट स्मिथ. त्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोच्या चित्रपट महोत्सवात तो स्पर्धेत होता. आपल्याकडे फारसा कुणी पाहिला नाही, आणि ज्यांनी पाहिला त्यातल्या अनेकांनी मध्येच बंद केला असेल, कारण त्यात कुणी फारसं बोलतच नाही. पण माणसाचं क्लोनिंग, म्हणजे एकाच्या पेशीपासून त्याच्याच जनुकांचं दुसरं माणूस जन्माला घालणं, या विषयावर इतका धीट चित्रपट मी दुसरा पाहिलेला नाही. यात वेडा शास्त्रज्ञ नाही, प्रयोगशाळेतला पाठलाग नाही. एक घर आहे, समुद्र आहे, आणि एका बाईचं दुःख आहे. पुढे कथेचा शेवटही सांगणार आहे, तेव्हा आधी चित्रपट पाहायचा असेल तर इथेच थांबा.

[पडद्यावर: रिकामी वाळू. दूरवर खांबांवर उभं असलेलं लाकडी घर.]

रिबेका आणि टॉमी लहानपणचे सवंगडी. रिबेका आईबरोबर टोकियोला निघून जाते. बारा वर्षांनी परत येते तेव्हा टॉमी तरुण झालेला असतो. दोघांचं पुन्हा जुळतं, पण जेमतेम थोडे दिवस. टॉमी आंदोलक आहे. क्लोन केलेल्या प्राण्यांचं एक उद्यान सुरू होणार असतं, आणि त्याच्या उद्घाटनात पिशव्या भरभरून झुरळं सोडायचा त्याचा बेत असतो. त्या वाटेवर रिबेका गाडी थांबवायला सांगते. टॉमी खाली उतरतो, आणि दुसऱ्या गाडीची धडक बसून जागीच जातो.

झुरळांच्या त्या पिशव्या लक्षात ठेवा. क्लोनिंगच्या विरोधात निघालेला माणूस वाटेत मरतो, आणि त्याच्यावर जिवापाड प्रेम करणारी बाई त्याचंच क्लोन करून घेते. तो जिवंत असता तर हो म्हणाला असता का? हा प्रश्न चित्रपटात कुणी मोठ्याने विचारत नाही. टॉमीच्या आईचा, ज्युडिथचा, विरोध असतो. रिबेका तरीही मागे हटत नाही. तिला बाळ होतं, आणि ती नावही तेच ठेवते.

[पडद्यावर: एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात काचेआड उभी असलेली डॉली मेंढी.]

आता थोडा वेळ किनारा सोडून स्कॉटलंडमध्ये जाऊ.

5 जुलै 1996. एडिंबराजवळच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये काळ्या तोंडाच्या मेंढीच्या पोटी पांढऱ्या तोंडाचं कोकरू जन्मलं. ते जिच्या पोटातून आलं तिचं नव्हतं, हे सांगायला तपासणीआधी ते तोंडच पुरेसं होतं. इयन विल्मट, कीथ कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिन डॉर्सेट जातीच्या सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली पेशी घेतली होती. दुसऱ्या मेंढीच्या बीजांडातलं केंद्रक, म्हणजे जनुकं असलेला गाभा, काढून टाकलं, आणि विजेच्या हलक्या झटक्याने ती पेशी त्या बीजांडात मिसळवली. असे 277 प्रयत्न झाले. त्यातून 29 भ्रूण हाती लागले, ते 13 मेंढ्यांमध्ये सोडले, आणि जन्मली एकटी डॉली.

माणसाचं क्लोनिंग म्हटलं की वाद लगेच देव आणि आत्म्याकडे जातो. त्याआधी या आकड्यांपाशी थांबायला हवं. बाकीचे गेले कुठे? काही बीजांडातच थांबले, काही गर्भातच विरले. मेंढीच्या बाबतीत शास्त्रज्ञ वहीत आकडा लिहितात आणि पुढे जातात. बाईच्या बाबतीत त्या प्रत्येक आकड्यामागे एक गर्भपात असेल, किंवा जन्मून थोड्याच दिवसांत गेलेलं लेकरू. आपल्याकडे हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत फेब्रुवारी 2009 मध्ये म्हशीचं पहिलं क्लोन रेडकू जन्मलं, ते काही दिवसांतच दगावलं. त्यानंतर जूनमध्ये गरिमा जन्मली. 2018 च्या जानेवारीत शांघायहून झोंग झोंग आणि हुआ हुआ या माकडांच्या पिल्लांची बातमी आली. ती पिल्लं जगली, पण त्यांच्यासाठी वापरलेल्या पेशी गर्भातल्या होत्या. मोठ्या माकडाच्या पेशींपासून जन्मलेली पिल्लं टिकली नाहीत. म्हणजे रिबेकाने जे केलं, एका प्रौढ माणसाची प्रत काढणं, ते माणसाच्या जवळच्या नातलगांमध्येही तेव्हा साधलेलं नव्हतं.

आणि कायदा? 8 मार्च 2005 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने माणसाच्या क्लोनिंगविरोधात जाहीरनामा काढला. 84 देश बाजूने, 34 विरोधात, 37 तटस्थ. भारत विरोधात होता, कारण त्या मसुद्याने उपचारांसाठीच्या संशोधनाचीही वाट अडत होती. मूल जन्माला घालण्यासाठीच्या क्लोनिंगला मात्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये स्पष्ट मनाई आहे.

[पडद्यावर: पांढऱ्या-काळ्या-नारिंगी अंगाची मांजर. शेजारी पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू.]

समजा, उद्या हे सगळं सुरक्षित झालं. तरी रिबेकाला टॉमी परत मिळेल का?

डिसेंबर 2001 मध्ये टेक्सासमध्ये पहिली क्लोन मांजर जन्मली. तिचं नाव सीसी. तिच्या मूळ मांजरीचं नाव रेनबो, कारण तिच्या अंगावर पांढरा, काळा आणि नारिंगी असे तिन्ही रंग होते. सीसीच्या अंगावर नारिंगीचा ठिपकाही नव्हता. मांजरातला नारिंगी रंग एक्स गुणसूत्रावर असतो, आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एक निपचित पडून असतं. ज्या पेशीपासून सीसी झाली, तिच्यात नारिंगीवालं गुणसूत्र झोपलेलं होतं. ते झोपलेलंच राहिलं. जनुकं तीच, आणि मांजर दिसायलाच वेगळी. मग स्वभाव, आठवणी, एखाद्या संध्याकाळी दिलेला शब्द, यांची तर गोष्टच सोडा. ते कुठल्याच पेशीत नसतं.

रिबेकाला हे कळत नाही असं नाही. तिला ते चालतं, आणि मला चित्रपटातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच वाटते. ती मुलाला वाढवत असते आणि त्याच्या चेहऱ्यात दुसऱ्या कुणाला तरी शोधत असते. हान्स योनास या जर्मन तत्त्वज्ञाने 1974 मध्येच लिहिलं होतं की क्लोन केलेल्या माणसावर मोठा अन्याय होतो तो शरीरात नव्हे. आपण कोण होणार हे माहीत नसण्याचा प्रत्येक माणसाला हक्क असतो, आणि तोच त्याच्याकडून हिरावला जातो. जुळी भावंडंही एकसारखी असतात, पण ती एकाच वेळी सुरुवात करतात. दोघांपैकी कुणाचंच आयुष्य आधी जगून झालेलं नसतं. दुसऱ्या टॉमीचं आयुष्य मात्र रिबेकाने एकदा पाहिलेलं आहे. त्याला तिशीही न गाठता मेलेल्या माणसाच्या मापाचे कपडे शिवून ठेवले आहेत, आणि त्याला ते ठाऊकही नाही.

[पडद्यावर: किनाऱ्यावर खेळणारी मुलं, पाठमोरी.]

चित्रपटात डिमा नावाची एक लहान मुलगी येते. तिच्या आईने स्वतःच्याच आईला क्लोन करून जन्माला घातलेलं असतं. आजूबाजूच्या बायका रिबेकाला बजावतात की आपल्या मुलांना हिच्याशी खेळू देऊ नका. आणि रिबेका, जिच्या घरात तेच गुपित वाढतंय, मान डोलावते. हा प्रसंग काही मिनिटांचा आहे, पण आपल्या गावांत, चाळींत, शाळांत हे दृश्य कुणी पाहिलेलं नाही? मुलाने काय केलं हे कुणी विचारत नाही. त्याचा जन्म कसा झाला तेवढ्यावर त्याला डब्यातला घास वाटायचा की नाही ते ठरतं. क्लोनिंगला माझा विरोध आहे. पण जन्मलेल्या क्लोनला कुणी कमी माणूस म्हणणार असेल, तर मी त्या मुलाच्या बाजूने उभा राहीन.

मग रिबेका आणखी दूर, एकाकी जागी राहायला जाते. टॉमी तरुण होतो. मोनिका नावाची मैत्रीण घरी आणतो. रिबेकाच्या नजरेत आईच्या काळजीपलीकडचं काहीतरी आहे, हे मोनिकाला आधी जाणवतं. घरातली हवा जड होत जाते.

इथे तो प्रश्न येतो ज्यामुळे लोक हा चित्रपट अर्ध्यावर सोडतात. हे मायलेक आहेत का?

जनुकांना विचारलं तर उत्तर साफ नाही असं येतं. जनुकांच्या हिशेबाने दुसऱ्या टॉमीचे आईवडील म्हणजे ज्युडिथ आणि तिचा नवरा. तो पहिल्या टॉमीचा उशिरा जन्मलेला जुळा भाऊ. रिबेका त्याची कुणीच नाही. मग आपल्या पोटात का ढवळतं?

कारण नात्यांच्या मर्यादा रक्तावरून ठरतात हे आपण नुसतं बोलतो, पाळत काही वेगळंच असतो. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाची मुलगी बायको म्हणून चालते. ती रक्ताची अगदी जवळची. आणि ज्यांचं देवक एक, त्यांचं लग्न होत नाही, मग पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा रक्ताचा संबंध सापडो वा न सापडो. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांवरच्या 1953 च्या ग्रंथात हे बारकाईने मांडलं आहे. एडवर्ड वेस्टरमार्क या फिनलंडच्या अभ्यासकाने 1891 मध्ये म्हटलं होतं की लहानपणी एकत्र वाढलेल्या माणसांत शारीरिक ओढ उपजत नाही. पुढे इस्रायलच्या किबुत्झमध्ये, म्हणजे तिथल्या सामूहिक वस्त्यांमध्ये, एकाच पाळणाघरात वाढलेल्या मुलामुलींनी एकमेकांशी जवळजवळ लग्नंच केली नाहीत, असं दिसून आलं. म्हणजे नातं घडतं ते सहवासातून. ज्या हाताने घास भरवला, ताप पाहिला, त्या हाताचा अर्थ वीस वर्षांनी बदलता येत नाही.

रिबेका तो बदलू पाहते. पु. लं.नी मराठीत आणलेलं ग्रीक नाटक 'राजा ओयदिपौस' आठवा. तिथे मुलगा स्वतःच्याच आईशी लग्न करतो. मुलाला माहीत नाही, आईलाही माहीत नाही, आणि कळतं तेव्हा दोघं उद्ध्वस्त होतात. इथे एकाला सगळं माहीत आहे आणि दुसऱ्याला काहीच नाही. म्हणून मला इथे दैवाचा खेळ दिसत नाही. एका माणसाने दुसऱ्याचं आयुष्य त्याला न विचारता वापरलं, एवढंच दिसतं. तिचं दुःख खरं आहे, एव्हा ग्रीन ते इतकं खरं करते की तिचा राग येत नाही. पण दुःख खरं असलं म्हणून ते दुसऱ्याच्या जन्मावर हक्क सांगू शकत नाही.

[पडद्यावर: दवाखान्याचा कॉरिडॉर. थंड नायट्रोजनच्या टाकीतून निघणारी वाफ.]

हे दुःख फार दूरचं नाही. 2018 साली पुण्यात एका आईने कर्करोगाने गेलेल्या तरुण मुलाच्या जपून ठेवलेल्या शुक्राणूंतून, सरोगसीच्या मार्गाने जुळी नातवंडं मिळवली. ऑक्टोबर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच एका दिवंगत अविवाहित मुलाचे गोठवलेले शुक्राणू त्याच्या आईवडिलांना द्यायला सांगितले. हे क्लोनिंग नाही. त्या बाळांत निम्मा वाटा दुसऱ्या कुणाचा आहे, आणि ती नातवंडं म्हणूनच वाढतात. पोटचं पोर गमावलेल्या आईला बोल लावायची माझी इच्छाही नाही. पण अशा घरात बाळ आलं की लोक सहज म्हणून जातात, 'गेलेला परत आला.' आपण आजोबांचं नाव नातवाला ठेवतो तेव्हाही म्हणतो. बहुतेक घरांत ते मायेचं बोलणं असतं, आणि पोर मोठं होऊन स्वतःच्या वाटेने जातं. त्याला तसं जाऊ दिलं जातं का, एवढंच पाहायचं.

[पडद्यावर: पुन्हा किनारा. भरती.]

एक दिवस ज्युडिथ येते. समोर उभ्या तरुणाकडे नुसती पाहत राहते. तिच्यासमोर तिचा गेलेला मुलगा आहे, आणि तो तिला ओळखत नाही. या भेटीनंतर टॉमी जाब विचारतो, रिबेका त्याला सगळं दाखवते, आणि ज्या गोष्टीची भीती पहिल्या दृश्यापासून वाटत असते ती त्या रात्री घडते.

रिबेकाला दिवस जातात. त्या बाळाची जनुकं तपासली, तर ती रिबेका आणि पहिल्या टॉमीच्या बाळाची म्हणून सहज खपतील. ते दोघं लग्न करून सुखाने नांदले असते, तर त्यांना असंच मूल झालं असतं. अहवालात काहीच वावगं सापडणार नाही. पण ते बाळ रिबेकाचं मूल आहे आणि नातवंडही आहे, आणि एक दिवस ते वडिलांविषयी विचारणार आहे.

टॉमी सकाळी निघून जातो. अनेकांना हा शेवट क्रूर वाटतो. मला नाही वाटत. या घरात त्याच्यासाठी सगळं आधीच ठरलेलं होतं. नाव, चेहरा, कुणावर प्रेम करायचं तेसुद्धा. पहिला टॉमी रिबेकाला सोडून कधीच गेला नव्हता. म्हणून हे जाणं दुसऱ्याचं आहे, एकट्या त्याचं.