रिकाम्या जागेचं वजन

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय रिकाम्या जागेबद्दल, अगदी खरोखरच्या रिकाम्या. हवा काढली, प्रकाश काढला, उष्णता काढली, जे जे काढता येतं ते सगळं काढलं, मग उरलं काय? क्वांटम मेकॅनिक्स म्हणतं, उरतंच काहीतरी, कारण कुठलंही फील्ड (विजेचं, चुंबकाचं असं जागाभर पसरलेलं क्षेत्र) पूर्ण स्तब्ध बसूच शकत नाही, अनिश्चिततेचा नियम त्याला बसू देत नाही, थोडी थरथर चालूच राहते आणि त्या थरथरीची जी ऊर्जा तीच पोकळीची ऊर्जा.

ही हवेतली बात नाही हं. 1948 मध्ये कॅसिमिर या भौतिकशास्त्रज्ञांनी सांगितलं की या थरथरीमुळे निर्वातात धातूच्या दोन प्लेटा, विद्युतभार काहीही नसताना, अगदी जवळ आणल्या तर एकमेकींकडे ओढल्या जातील, आणि 1997 मध्ये लॅमोरो या भौतिकशास्त्रज्ञांनी ती ओढ नीट मोजूनही दाखवली. (यावर फुकट वीज काढून देतो म्हणणारे भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार.)

पण गोची पुढे आहे. प्लेटांच्या प्रयोगात आपण मोजतो तो प्लेटांच्या आतल्या आणि बाहेरच्या ऊर्जेतला फरक. टेबलावरनं पेन पडलं तर टेबल कितव्या मजल्यावर आहे याने काय फरक पडतो? काही नाही. जवळजवळ सगळं फिजिक्स असंच चालतं, फक्त गुरुत्वाकर्षण तसं नाही, आइन्स्टाइनच्या समीकरणात फरक चालत नाही, सगळीच्या सगळी ऊर्जा धरावी लागते. म्हणजे पोकळीलाही वजन आलं! आणि वर तिचा दाब ऋण (म्हणजे मायनस), त्यामुळे ती अवकाश आवळत नाही, उलट फुगवते.

1998 मध्ये लांबच्या सुपरनोव्हांवरून (फुटणाऱ्या ताऱ्यांवरून) कळलं की विश्वाचं प्रसरण खरंच वेग घेतंय. त्यासाठी लागणारी ऊर्जा, जिला डार्क एनर्जी म्हणतात, ती किती, तर एका घनमीटरात तीन-चार हायड्रोजन अणूंच्या वस्तुमानाएवढी. बस्स. आणि थिअरीतनं पोकळीतल्या सगळ्या थरथरींच्या ऊर्जेची सरळ बेरीज केली तर उत्तर येतं त्याच्या 1 वर 120 शून्यं इतक्या पट! बेरीज कुठे थांबवायची त्यावर आकडा बदलतो, पण कशीही थांबवा, चूक प्रचंडच राहते. एवढी ऊर्जा खरंच असती तर दीर्घिका बनल्याच नसत्या, सगळं आधीच विखरून गेलं असतं.

आता अमेरिकेतल्या अॅरिझोनातल्या डेसी या दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या प्रकल्पाने 2024 पासून इशारा दिलाय की ही डार्क एनर्जी काळानुसार बदलत असावी, अजून पक्कं नाही. पण पोकळीची ऊर्जा तर बदलायला नको, जागा वाढली तरी तिची घनता तेवढीच राहते. म्हणजे डेसीचं खरं निघालं तर विश्व पळवणारी ही कोणी दुसरीच, आणि ती 120 शून्यांची बेरीज गेली कुठे हा प्रश्न आहे तिथेच.