एक घोडा, दोन प्यादी

[दृश्य : पाऊस. मालवणच्या किनाऱ्यावर शाकारलेल्या होड्या.]

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. दिवसभर जाळी दुरुस्त करायची आणि दिवेलागणीला या पडवीत बुद्धिबळाचा पट मांडायचा. खेळणारे मोजून आठ.

यंदा वाद पेटला एका घोड्यावरून. पेट्रॉव्ह बचाव चालू आहे, म्हणजे काळ्याने दुसऱ्या खेळीला राजाकडचा घोडा काढलाय. चौथ्या खेळीला पांढऱ्या घोड्याने मुकाट मागे यायचं, तर तो थेट एफ-७ वर उडी घेतो. काळा राजा त्याला खातो.

"अगो चेडवा, घोडो कित्या दिलंस?" म्हातारे तांडेल विचारतात.

अगदी फुकट नाही दिला. बदल्यात दोन प्यादी मिळाली आणि काळ्या राजाचा किल्लेकोट (हत्तीआड लपायची खेळी) कायमचा गेला. हा कॉक्रेन गॅम्बिट, म्हणजे सुरुवातीलाच मोहरा देऊन टाकलेला डाव. जॉन कॉक्रेन हे स्कॉटिश बॅरिस्टर. १८४८ साली कलकत्त्यात मोहेशचंद्र बॅनर्जींसमोर त्यांनी हा डाव टाकला होता. १९९९ मध्ये स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत ग्रँडमास्टर टोपालोव्हने ग्रँडमास्टर क्रामनिकविरुद्ध तोच टाकला आणि डाव बरोबरीत सुटला.

[दृश्य : फोनवर स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन (खेळ्या तपासणारा प्रोग्राम), शेजारी वही.]

घोडा देणारी मुलगी बारावीतली. इंजिन काळ्याच्याच बाजूने बोलतं, हे तिलाही दिसतं. पण समोर इंजिन थोडंच बसणार आहे? म्हणून तिने वहीत वेगळंच लिहून काढलं : काळा चुकतो कुठे?

पांढरा डी-४ खेळतो. ई-४ वरचं प्यादं बघून काळ्याच्या घोड्याला राहवत नाही. ते खाल्लं की वजीर एच-५ वर, शह. काळ्याने जी-६ ने अडवलं तर वजीर डी-५ वर, पुन्हा शह, आणि घोडा पांढऱ्याच्या खिशात. तांडेल पहिल्या संध्याकाळी असेच गेले.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी प्याद्याला हातच लावला नाही. सी-५ ढकललं, मधली फळी मोडली आणि जादा मोहरा जपत रात्री दहापर्यंत तिला दमवलं. (घरून दोन बोलावणी आली, कोणी उठलं नाही.)

आठ जणांच्या पडवीत फसवा डाव फार तर एकदाच चालतो. तोवर उरलेले सहा मागे उभे राहून बघत असतात. दहा मिनिटांच्या घड्याळावर, अनोळखी माणसासमोर तो अजून खपेल, म्हणून वही तिने तालुक्याच्या स्पर्धेसाठी ठेवली आहे. तिथेही समोरच्याने आधी पेट्रॉव्ह खेळायला हवा.

तांडेल तर आता दुसऱ्या खेळीला वजिराकडचाच घोडा काढतात.