पट्टा थांबल्यानंतरचं पहिलं मिनिट

छातीवर चिकटवलेले दहा इलेक्ट्रोड, दंडाला रक्तदाबाचं कफ आणि पायाखाली सरकणारा पट्टा. ही हृदयाची स्ट्रेस टेस्ट, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून केलेली तपासणी. सुरुवातीची चाल आरामाची असते. वेग ताशी पावणेतीन किलोमीटर, चढ 10 टक्के. मग दर तीन मिनिटांनी वेग वाढतो आणि चढही. नऊ मिनिटं उलटली की चढ 16 टक्क्यांवर जातो. इथवर टिकलेल्या माणसाचं बोलणं बंद होतं आणि हात समोरचा दांडा आवळतात. टेक्निशियनला ते चालत नाही, कारण दांड्यावर भार टाकला की कुवत आहे त्याहून जास्त दिसते.

हा चढता क्रम सिएटलचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांचा, 1963 सालचा. मूळ उद्देश अडथळा हुडकण्याचा. हृदय जोरात धावू लागलं की अरुंद झालेली धमनी पुरेसं रक्त पोहोचवू शकत नाही आणि ईसीजीतली एसटी रेषा, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या आलेखातला एक ठरावीक भाग, खाली दबते. म्हणूनच खोलीबाहेर आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: “पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?” म्हणजे अडथळ्याची खूण दिसली की नाही.

खरं तर पुढच्या आयुष्याबद्दल जास्त बोलतात ते त्याच कागदावरचे दुसरेच आकडे.

ड्यूक विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 1987 मध्ये एक साधा हिशेब मांडला. जितकी मिनिटं चाललात, त्यातून एसटी रेषेच्या प्रत्येक मिलिमीटर बदलासाठी पाच वजा करायचे. छातीत दुखलं तर चार, दुखण्यामुळे थांबावं लागलं तर आठ. उत्तर पाच किंवा जास्त आलं तर धोका कमी, उणे अकरा किंवा त्याखाली गेलं तर मोठा. आता समजा, दोघांची रेषा एकेक मिलिमीटर दबली, दुखलं कुणालाच नाही. पहिला नऊ मिनिटं चालला, त्याचे गुण चार, म्हणजे मध्यम धोका. दुसरा अकरा मिनिटं चालला, त्याचे सहा, म्हणजे कमी धोका. ईसीजी सारखाच, फरक फक्त दोन मिनिटांचा.

ही कुवत मोजायचं एकक म्हणजे ‘मेट’. स्वस्थ बसलेलं असताना शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं, तो एक मेट. अमेरिकेत 6213 पुरुषांवर झालेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुवत एका मेटने जास्त असली, की जगण्याची शक्यता 12 टक्क्यांनी सुधारलेली दिसली. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह या सगळ्यांपेक्षा कुवतीचा हा आकडा वरचढ ठरला.

आणि मग ते पहिलं मिनिट. श्रम थांबताच व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणारी एक नस, हृदयाला लगाम घालते आणि नाडी झपाट्याने उतरते. क्लीव्हलँड क्लिनिकच्या 1999 सालच्या अभ्यासात एका मिनिटात नाडी 12 ठोके किंवा त्याहून कमी उतरलेल्यांमध्ये पुढच्या सहा वर्षांतले मृत्यू लक्षणीय जास्त होते. वय आणि इतर आजार हिशेबात धरूनही धोका दुप्पट राहिला. मात्र ही 12 ची मर्यादा पट्ट्यावर हळूहळू चालत थंडावणाऱ्यांसाठी आहे. लगेच आडवं केलं, तर 18 धरतात.

अर्थात हे अंदाज समूहाचे. एकट्या माणसाची तारीख त्यातून निघत नाही. गुडघा दुखतो म्हणून लवकर उतरलेल्याची कुवत उगाच कमी दिसते, बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी ठेवणारी गोळी) घेणाऱ्याची नाडी मुळातच फारशी चढत नाही. तेव्हा गोळ्या कोणत्या चालू आहेत आणि पट्ट्यावरून का उतरलात, हे दोन्ही रिपोर्टवर लिहून घ्या. नाडीच्या उताराचा आकडा वेगळा छापलेला नसेल, तर ‘रिकव्हरी’च्या रकान्यात पहिल्या मिनिटाची नाडी शोधा आणि सर्वोच्च नाडीतून ती वजा करा.