कापलेली भिंत आणि टीडीआरचा कागद

(दृश्य: छत्रपती संभाजीनगर, जुनं शहर. रुंदीकरणात पुढचा भाग कापलेला वाडा. भिंतीतला कोनाडा रस्त्याकडे उघडा पडलाय.)

निवेदन :
कोनाड्यातली दिव्याची काजळी अजून तशीच आहे. दिवा लावायची ती खोली आता डांबराखाली गेली. अशा घरमालकाला महापालिका म्हणते, "रोख नाही, टीडीआर घ्या." टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. गेलेल्या जागेवर जे बांधता आलं असतं, ते दुसऱ्या भूखंडावर बांधायचा किंवा बांधणाऱ्याला विकायचा हक्क.

रस्ता, बाग, शाळा यांसाठी विकास आराखड्यात आरक्षित झालेली जमीन मिळवायला १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२६ मध्ये तीन वाटा आहेत: समझोत्याने रोख मोबदला, एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण) किंवा टीडीआर, नाहीतर सरळ भूसंपादन. तिजोरीत पैसा नसलेल्या पालिकेला दुसरी वाट सोयीची. घाईही असते, कारण आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाचं पाऊल पडलं नाही, तर आरक्षण आपोआप संपतं.

(दृश्य: मोजणीची खूण, भिंतीवर लाल रंगाची रेघ.)

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० सालची. तिच्यानुसार दाट वस्तीत गेलेल्या जागेच्या तिप्पट आणि बाहेर दुप्पट टीडीआर मिळतो. ऐकायला हे भरघोस वाटतं. फसगत इथूनच सुरू होते.

टीडीआरच्या प्रमाणपत्रावरचं क्षेत्र जसंच्या तसं दुसरीकडे चढत नाही. त्याला जमिनीच्या दराने गुणावं-भागावं लागतं. जागा जिथे गेली तिथला रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी तक्त्यातला, जमिनीचा दर भागिले जिथे वापरायचा तिथला दर, गुणिले टीडीआर. दोन्ही दर टीडीआर निर्माण झाला त्याच वर्षाचे धरायचे, आजचे नाहीत.

हिशेबासाठी दर धरून बघू. जुन्या शहरात ४० चौरस मीटर गेले, म्हणजे १२० टीडीआर. तिथला दर १८ हजार आणि वापरायच्या जागेचा १२ हजार, तर प्रत्यक्षात १८० चौरस मीटर चढतात. आता शहराच्या कडेला बघा. २०० चौरस मीटर गेले, टीडीआर ४००. तिथला दर ४ हजार, वापर १६ हजारांच्या भागात. हाती येतात फक्त १०० चौरस मीटर. कडेचा मालक '४००' हा आकडा बघून संमतीपत्रावर सही करतो, घेणारा मात्र १०० चे पैसे मोजतो. म्हणून सही करायच्या आधी हा भागाकार स्वतः करावा, रोख मोबदल्याशी ताडून बघावा.

(दृश्य: नांदेड, गोदावरीचा काठ.)

टीडीआर कुठेही चढवता येत नाही. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला तो मिळत नाही. रस्ता जितका रुंद, तितकी मर्यादा जास्त. शेती विभागात आणि नदीच्या पुरासाठी नकाशावर आखलेल्या निळ्या पूररेषेच्या आतही तो वापरता येत नाही. नांदेडकरांनी ही रेघ नकाशावर आधी शोधावी.

(दृश्य: सातबारा, मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा.)

प्रकरणं रखडतात ती बहुतेक मालकीवर. आधी भूमी अभिलेखची मोजणी, मग शीर्षक तपासणी, जाहीर नोटीस, ताबा आणि सातबारावर पालिकेच्या नावाचा फेरफार. त्यानंतरच विकास हक्क प्रमाणपत्र. मराठवाड्यात मधेच निजामकाळातले इनाम, मदतमाश (निर्वाहासाठी दिलेली जमीन) किंवा कुळाची नोंद वर येते आणि फाइल महसूल खात्याकडे जाते. गुंठेवारीत, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या प्लॉटांच्या वस्तीत, तर आणखी अवघड. मूळ मालकाने प्लॉट नोंदणी न करता नुसत्या बॉन्ड पेपरवर विकून टाकलेले, सातबारा मात्र अजून त्याच्याच नावावर. अशा वस्तीतून विकास आराखड्यातला (डीपी) रस्ता गेला की घर पडतं प्लॉटधारकाचं आणि टीडीआर मागायला येतो मूळ मालक. हा सरळ अन्याय आहे. प्लॉटधारकांनी जाहीर नोटिशीच्या मुदतीतच लेखी हरकत नोंदवली पाहिजे.

पूर्वी मोबदला दिलेल्या जमिनीवर टीडीआर देता येत नाही. त्यामुळे भूसंपादनाचे जुने निवाडे काढून बघणं पालिकेचं कामच आहे. तिथे चूक झाली, तर शहर एकाच जमिनीची किंमत दोनदा मोजतं.

(दृश्य: प्रमाणपत्राची मागची बाजू, जवळून.)

विक्रीला निघाल्यावर लहान मालकाची अडचण वेगळीच. शहराच्या कडेला अजून मोकळी जमीन आहे, आणि पालिकेला अधिमूल्य (प्रीमियम) भरूनही जादा एफएसआय मिळतो. बांधणारा दोन्हींचा भाव बघतो. पाच-दहा छोटी प्रमाणपत्रं गोळा करण्यापेक्षा एक मोठं घेणं त्याला सोपं जातं. एकाच गल्लीतल्या बाधितांनी एकत्र बसून भाव ठरवला, तर थोडं बळ येतं.

व्यवहार ठरल्यावरही नुसत्या दस्तावर भागत नाही. पालिकेच्या नोंदवहीत नाव बदलावं लागतं. पुढे जितका टीडीआर वापरला, तितका प्रमाणपत्रावर आकड्यात आणि अक्षरात उतरवून शिल्लक लिहिली जाते. घेणाऱ्याने कागदाची पुढची बाजू बघून पैसे देऊ नयेत. आधी नगररचना विभागातल्या नोंदवहीशी ही मागची बाजू ओळीन् ओळ जुळवून घ्यावी.