पश्चिमेकडचे दार: गाडीच्या खोलीसाठी उष्णतारोधक दरवाजा निवडताना

सभ्य श्रोतेहो,

आपल्याकडे गॅरेज म्हटले की गाडी दुरुस्तीचे दुकान डोळ्यांसमोर येते, म्हणून मी आज ‘गाडीची खोली’ हाच शब्द वापरणार आहे. पूर्वी बंडी अंगणात आणि बैल कोठ्यात असत. आता आर्वी, पुलगाव, हिंगणघाटच्या पट्ट्यातल्या गावांत स्लॅबची घरे बांधताना गाडीची खोली घराला लागूनच काढतात. एक भिंत स्वयंपाकघराची असते, वर झोपण्याची खोली असते, आणि रस्त्याच्या बाजूला दहा फूट रुंदीचे लोखंडी शटर असते. घर पश्चिममुखी असेल तर वैशाख-ज्येष्ठात दुपारी तीननंतर हे शटर तव्यासारखे तापते आणि ती धग रात्री उशिरापर्यंत भिंतीतून घरात उतरत राहते. अशा घरांसाठी उष्णतारोधक दरवाजा घ्यावा का, आणि घ्यायचा तर कसा पारखावा, हे मला सांगायचे आहे.

आधी उष्णतेचे प्रमाण पाहू. तीन मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच दाराचे क्षेत्रफळ ७.२ चौरस मीटर होते. हवेचे तापमान ४४ अंश असताना पश्चिमेच्या उन्हात गडद पत्र्याची बाहेरची बाजू सहज ६५ ते ७० अंशांवर जाते. एकेरी पत्र्यातून अशा वेळी ढोबळमानाने १,२०० वॅट उष्णता आत येते, म्हणजे खोलीत एक लहान हीटर चालू ठेवल्यासारखे होते. दोन पत्र्यांमध्ये ४० मिलीमीटर पीयूएफ (पॉलियुरेथेन) फोम भरलेल्या आडव्या पट्ट्यांचा, नीट बसवलेला दरवाजा हेच प्रमाण सुमारे ३०० वॅटवर आणतो. मात्र खोलीवर स्लॅब नसून नुसते टिन असेल, तर दारावर पैसे घालू नका. दारापेक्षा कितीतरी जास्त उष्णता छतातून येते. तेथे आधी छताखाली फोमचा किंवा काचलोकरीचा थर द्यावा आणि मग दाराचा विचार करावा.

आता विक्रेत्याच्या आकड्यांकडे वळतो. माहितीपत्रकावर ‘आर १८’ असा आकडा ठळक छापलेला असतो. आर म्हणजे उष्णतेला होणारा रोध, आकडा मोठा तितका रोध जास्त. हे एकक अमेरिकेतले आहे, आणि ते पडताळून पाहण्यासाठी दोन साधी गणिते पुरतात. चांगल्या पीयूएफची उष्णतावाहकता सुमारे ०.०२३ असते. जाडी मीटरमध्ये घेऊन, म्हणजे ०.०४, तिला ०.०२३ ने भागले की १.७ येते, आणि त्याला ५.६८ ने गुणले की अमेरिकी एककात जवळपास १० मिळते. चाळीस मिलीमीटरच्या पट्ट्यासाठी कोणी १८ सांगत असेल, तर तो आकडा कोठून आणला हे त्याला विचारलेच पाहिजे. थर्माकोल भरलेला पट्टा त्याच जाडीत याहून बराच कमी रोध देतो, आणि दोन्हींचे रंगवलेले पत्रे बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून पट्ट्याचा कापलेला तुकडा हातात घेतल्याशिवाय मी कोणालाही होकार देऊ देत नाही. त्या तुकड्यात अंगठ्याचे नख रुतवून फोम पत्र्यापासून सुटतो का ते पाहावे, आणि तुकड्याचे आधी वजन करून तो रात्रभर पाण्यात दाबून ठेवून सकाळी पुन्हा वजन करावे. बंद छिद्रांचा चांगला फोम फारच थोडे पाणी धरतो.

तरीही हा आकडा पट्ट्याच्या मधल्या भागाचा असतो. पट्ट्यांचे सांधे, कडा आणि चौकट त्यात धरलेली नसतात. संपूर्ण दाराचा आर-आकडा किती, हा प्रश्न जो विक्रेत्याला विचारतो त्याची फसगत सहसा होत नाही. मी स्वतः मात्र फसलो. माझ्या घरासाठी मी गडद तपकिरी दरवाजा निवडला आणि तो पश्चिमेला बसवला. पहिल्याच एप्रिलमध्ये दुपारी चारच्या सुमारास दार निम्म्यावर अडू लागले, आणि संध्याकाळी सात वाजता तेच दार सुरळीत चालायचे. दोन आठवडे मी रुळांना तेल देत राहिलो. शेवटी एका दुपारी दोरी आडवी ताणून पाहिली, तेव्हा खालचा पट्टा मधोमध बाहेरच्या बाजूला जवळजवळ बोटभर फुगलेला दिसला. कारण पुढे समजले. बाहेरचा पत्रा आतल्यापेक्षा ३० अंशांनी जास्त तापला की तीन मीटर लांबीत तो सुमारे एक मिलीमीटर वाढतो, आतला वाढत नाही, आणि दोघे फोमने एकमेकांना घट्ट चिकटलेले असल्याने पट्टा धनुष्यासारखा वाकतो. पट्ट्याला मागून आडवे लोखंडी आधार लावून मजबुती दिली नाही, तर गणिताने हा फुगवटा एक सेंटीमीटरपर्यंत जातो. त्यामुळे उन्हाच्या बाजूला पांढरा, मोतिया किंवा फिकट राखाडी रंगच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो. फिकट रंगाने पृष्ठभागाचे तापमान १० ते १५ अंशांनी उतरू शकते, आणि त्यासाठी जादा खर्चही नाही.

आपल्या काळ्या जमिनीचा प्रश्न दाराच्या कारखान्याला ठाऊक नसतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून खाली बसते, त्यामुळे खोलीसमोरची फरशी वर्षभर एकाच पातळीत राहत नाही. दार बसवण्यापूर्वी उंबऱ्याखालची काळी माती काढून मुरूम भरून घट्ट धुमस करावी आणि फरशीला बाहेरच्या दिशेने उतार द्यावा. दाराच्या खालची रबरी पट्टी जाड, पोकळ आणि बदलता येण्याजोगी मागावी. रात्री खोलीत दिवा लावून दार बंद करावे आणि बाहेरून उजेड कोठे दिसतो ते पाहावे. मग दिवसा त्याच जागी उदबत्ती धरून धूर कोणत्या दिशेने हलतो ते बघावे. जेथून धूर सरकतो तेथूनच लू येते, धूळ येते, आणि उंदीरही तेथूनच शिरतो. उंदराला फोम कुरतडायला आवडतो, म्हणून पट्ट्याच्या कडा उघड्या नसाव्यात, त्यांना पत्र्याची टोपी असावी.

कापसाच्या घरांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. भाव येईपर्यंत कापूस गाडीच्या खोलीतच रचून ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. फोम पेटतो, आणि त्याचा धूर विषारी असतो. त्यामुळे ज्वालारोधक प्रतीचा फोम असल्याचा चाचणी अहवाल मागावा, आणि कापूस दारापासून व वायरिंगपासून दूर रचावा. खोली इतकी बंदिस्त झाल्यावर आत इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. घराच्या बाजूच्या दरवाजालाही रबरी पट्टी हवी आणि बाहेरच्या भिंतीत जाळीचा झरोका ठेवावा. कीटकनाशकांच्या बाटल्या तेथे मुळीच नकोत.

दाराचे वजन पेलण्याचे काम वरच्या शाफ्टवरची, म्हणजे आडव्या दांड्यावरची, स्प्रिंग करते. नेहमीची स्प्रिंग सुमारे १०,००० उघडझापांसाठी बनवलेली असते. दिवसाला चार वेळा दार उघडणाऱ्या घरात ती सात वर्षांच्या आसपास पुरते, ट्रॅक्टर-मोटारसायकलमुळे आठ वेळा उघडणाऱ्या घरात साडेतीन वर्षेही पुरत नाही. तेथे २५,००० उघडझापांची मागावी. तोल तपासायचा असेल तर मोटार सोडवून दार हाताने कमरेइतके उचलावे. ते तेथेच थांबले, तर स्प्रिंग बरोबर आहे. खाली पडले किंवा वर उसळले, तर ती चुकीची आहे. ताणलेली स्प्रिंग स्वतः मात्र कधीच सोडू नये, तिच्या झटक्याने हात मोडतो. मोटार असेल तर वीज गेल्यावर आतून ओढायची दोरी हवी, आणि खोलीला दुसरा दरवाजा नसेल तर बाहेरून किल्लीने सोडवण्याची सोयही हवी. उन्हाळ्याच्या वादळात वीज तासन्‌तास जाते आणि आजारी माणसाला नेणारी गाडी आत अडकलेली चालत नाही. मूल खाली आले तर दार परत फिरते का, ते जमिनीवर लाकडाची सपाट फळी ठेवून तपासावे.

व्यवहार ठरवताना शेवटचा हप्ता मृगाचा पहिला जोराचा पाऊस होईपर्यंत राखून ठेवा, आणि तसे कागदावर लिहून घ्या. त्या पावसानंतर फरशीच्या आतल्या कडेवर कोरडा कागद ठेवून तो ओला होतो का ते बघा. ओला झाला, तर बसवणाऱ्याला खालची पट्टी बदलायला बोलवा आणि मगच पैसे द्या.