पाठमोरा फुलबॅक

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘बचावपटू मॅनेजर होतो तेव्हा’. त्यावर येतोच. पण आधी मला इंग्लंडचा फुटबॉलपटू, बचावपटू जॅक चार्लटन याच्याबद्दल मनापासून बोलू द्या. कारण चार्लटन म्हटलं की सगळ्यांना त्याचा धाकटा भाऊ बॉबीच आठवतो. आता इथेही तुमच्यापैकी निम्म्यांनी मनात बॉबीच आणला असेल. हात वर करू नका, चेहऱ्यांवर दिसतंय!

१९६६ च्या वर्ल्ड कपची इंग्लंड-जर्मनी फायनल तुम्हाला पाठ आहे. इंग्लंडच्या हर्स्टचे तीन गोल, बारला लागून खाली आपटलेला तो चेंडू. पण ८९व्या मिनिटाला जर्मनीने बरोबरी साधली ती कशावरून? फ्री किकवरून. आणि ती फ्री किक दिली गेली जॅकच्या विरोधात, जर्मनीच्या हेल्डला उडी मारताना अडवलं म्हणून. जॅकला तो निर्णय कधीच पटला नाही. फॉरवर्डने दहा संधी घालवल्या तरी अकराव्या गोलने सगळं माफ होतं. बचावपटूने दहा वेळा वाचवलं, तरी लोक अकरावी वेळ सांगत बसतात. माझी खरी तक्रार ही आहे आणि ती मी कुठेही मांडायला तयार आहे.

हा अ‍ॅशिंग्टनचा, कोळसा खाणीच्या गावचा पोरगा. खाणीत काही दिवस उतरला आणि नको म्हणून बाहेर पडला. मग लीड्स युनायटेड, आणि पुढची वीस वर्षं तोच एक क्लब. कॉर्नर मिळाला की हा उंच माणूस सरळ गोलकीपरच्या नाकासमोर जाऊन उभा राहायचा. बिचाऱ्या कीपरला चेंडू दिसायचा नाही, दिसायची ती जॅकची पाठ.

इंग्लंडकडून पहिला सामना मिळाला १९६५ मध्ये, तिशी अवघ्या काही आठवड्यांवर आली असताना. मला का घेतलं, असं त्याने इंग्लंडचे मॅनेजर अल्फ रॅमझींना विचारलं. उत्तर मिळालं ते साधारण असं, की मी नेहमी सगळ्यात चांगले खेळाडू घेत नाही, माझ्या आराखड्यात बसणारे घेतो. दुसरा कुणी रुसला असता. जॅकने ते गाठीशी बांधलं.

१९८६ मध्ये तो आयर्लंडचा मॅनेजर झाला. जेमतेम पस्तीस लाख वस्तीचा देश, तोवर एकाही मोठ्या स्पर्धेत गेलेला नव्हता. १९८८ च्या युरोमध्ये श्टुटगार्टला पहिलाच सामना इंग्लंडशी. सहाव्या मिनिटाला आयर्लंडच्या हॉटनचं हेडर, एक-शून्य.

आणि १९९० चा वर्ल्ड कप! साखळीतले तिन्ही सामने बरोबरीत. जेनोआला रुमानियाशी १२० मिनिटं गोलशून्य. मग पेनल्टी. दोन्हीकडच्या चौघांनी गोल केले. त्यात आयर्लंडच्या कास्कारिनोच्या किकने चेंडूबरोबर गवताचं ढेकूळही उडालं, तरी चेंडू आत गेला. रुमानियाच्या टिमोफ्टेची पाचवी किक आयर्लंडचा कीपर बॉनरने अडवली. आता आयर्लंडकडून पाचवा कोण? डेव्हिड ओलिअरी. आर्सेनलचा देखणा, चेंडू पायाशी ठेवून खेळणारा बचावपटू. जॅकच्या आराखड्यात तो बसत नव्हता, म्हणून दोन वर्षांहून जास्त काळ संघाबाहेर होता. त्या दिवशीही जादा वेळात बदली म्हणून आला होता. तो चेंडू ठेवतो, मागे जातो, थांबतो... मी हे किती वेळा पाहिलंय, तरी त्या थांबण्याशी माझा श्वास अडकतो. गोल! पाच-चार. खुल्या खेळात एकही विजय नाही आणि संघ उपांत्यपूर्व फेरीत.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा मुद्दा भराभर सांगतो.

लोक म्हणतात जॅकचा फुटबॉल कुरूप होता, नुसते लांब फटके. मला हे मान्य नाही. बचावपटूला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? चेंडू डोक्यावरून मागे पडण्याची. तोंड आपल्याच गोलकडे, पाठीवर प्रतिस्पर्ध्याचा श्वास, समोर फक्त टचलाइन आणि कॉर्नरचा झेंडा. अशा फुलबॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, थ्रो-इन द्यावा लागतो, कॉर्नर द्यावा लागतो, नाहीतर कीपरकडे चेंडू ढकलावा लागतो. त्या काळी कीपर तो हातात घेऊ शकायचा. १९९२ मध्ये नियम बदलला आणि तीही वाट बंद झाली.

जॅकने वीस वर्षं ही भीती स्वतः अनुभवली होती. आंतरराष्ट्रीय सामन्यात मिडफिल्डमधले कलाकार खेळ चालवतात, म्हणून त्याने मिडफिल्डच ओलांडलं. चेंडू फुलबॅकच्या मागे टाका आणि सगळे मिळून त्याच्यावर तुटून पडा. हा फटका आंधळा नव्हता. कुठे दुखतं ते ठाऊक असलेल्या माणसाने तो नेमका तिथेच मारला होता. आयर्लंडच्याच मिडफिल्डमधल्या लिअम ब्रेडीसारख्या गुणी खेळाडूला त्यात जागा उरली नाही. ती किंमत मोठी होती, आणि मला आजही तिची हळहळ वाटते.

१९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये न्यू जर्सीत याच जोरावर इटलीला हरवलं. पुढच्या वर्षी, डिसेंबरमध्ये, लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर हॉलंडशी युरोच्या पात्रतेचा प्लेऑफ दोन-शून्यने हरला आणि पद सोडलं. सामना संपून बराच वेळ झाला तरी आयरिश प्रेक्षक जागचे हलले नव्हते, गात होते. त्यांच्यासाठी तो पुन्हा मैदानावर आला. साठीचा, उंच, थोडा वाकलेला. त्या दिवशी तिथल्या कुणालाही बॉबी आठवला नसेल.