काहीच न करणारी प्रशिक्षणार्थी

श्रोतेहो, नमस्कार. २००८ साली हेलसिंकीतील डेलॉइट या बड्या सल्लागार कंपनीच्या मार्केटिंग विभागात योहाना नावाची एक तरुणी महिनाभरासाठी प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाली. सुरुवातीला सारे रीतसर वाटले. पण पुढे ती रिकाम्या टेबलाशी नुसती बसून राहू लागली आणि कुणी विचारलेच, तर आपण विचार करतो आहोत, असे शांतपणे सांगू लागली. एक अख्खा दिवस तर तिने लिफ्टमधून वर-खाली करण्यात घालवला.

ही योहाना म्हणजे फिनलंडची कलावंत पिल्वी टाकाला. किआस्मा या समकालीन कलेच्या संग्रहालयाच्या सहकार्याने, कंपनीच्या संमतीने, पण मोजक्याच लोकांना विश्वासात घेऊन केलेल्या या प्रयोगातून ‘द ट्रेनी’ ही कलाकृती उभी राहिली. छुप्या कॅमेऱ्याने टिपलेल्या या चित्रफितींत घडत असे काहीच नाही, त्यामुळे रेडिओवरून त्या सांगणे फारसे अवघड नाही. पाहण्यासारखे आहेत ते सहकारी. आधी ते सौजन्याने हसतात, मग काळजीने चौकशी करतात, आणि अखेर या मुलीचे काहीतरी करा, अशा आशयाचे ई-मेल वरिष्ठांकडे जाऊ लागतात.

संगणकासमोर बसून तासभर इंटरनेटवर भटकणाऱ्याला कार्यालयात सहसा कुणी हटकत नाही, कारण डोळे पडद्यावर असले की माणूस कामात आहे असे सर्वांनी मिळून मानलेले असते. टाकालाने रिकामटेकडेपणाला लागणारा हा आडोसाच काढून घेतला, आणि तिच्या स्वस्थ बसण्याने भोवतालची कामात असलेली माणसे अस्वस्थ झाली. अर्थात, बेसावध सहकाऱ्यांचे असे छुपे चित्रण करणे कितपत योग्य, हा प्रश्न मला आजही पडतो. पण कॅमेरा समोर दिसला असता, तर तेही आपापली भूमिका वठवू लागले असते.

पुढे २०१८ च्या ‘द स्ट्रोकर’मध्ये टाकाला लंडनमधील एका सामायिक कार्यालयात आरोग्य-सल्लागार बनून वावरते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खांद्यावर आपुलकीने हात ठेवते. तोंडावर फारसे कुणी काही बोलत नाही, मात्र तिला येताना पाहून काहीजण हळूच वाट बदलतात. मला तरी ‘द ट्रेनी’च अधिक टोकदार वाटते, कारण तिथे ती कुणालाही हात लावत नाही, आणि कामालाही नाही.